ऑफिस संच निवडण्यापूर्वी आपल्या फाइली उघडून पाहाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या संगणकासोबत आलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची चाचणी-मुदत संपली असून आता जुन्या फाइली केवळ वाचता येतात, त्यांत दुरुस्ती करता येत नाही. दरवर्षी वर्गणी भरावी एवढे काम नाही. पत्रे, अधूनमधून एखादा मोठा अहवाल, घरचा आणि एका छोट्या संस्थेचा हिशेब, वर्षातून दोन-तीन सादरीकरणे, इतकाच वापर आहे. तरीही इतरांकडून वर्ड आणि एक्सेलच्या फाइली येत राहतात आणि त्या दुरुस्त करून परत पाठवाव्या लागतात. अशा वेळी कमी खर्चाचा किंवा मोफत पर्याय कोणता घ्यावा, हे आपल्याला ठरवायचे आहे.

नाव लगेच सांगायचे तर मी लिब्रेऑफिस हा मोफत संच सुचवीन आणि त्याच्या जोडीला ओन्लीऑफिस हा दुसरा मोफत संच संगणकावर ठेवायला सांगेन. मात्र घरगुती आणि लहान कार्यालयांतील संगणक लावून देण्यात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या प्रश्नाची सुरुवात सॉफ्टवेअरच्या यादीपासून केली की उत्तर हमखास चुकते. पत्र लिहिणे आणि बेरीज करणे आज कोणत्याही संचाला जमते. खरा खर्च होतो तो आपली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडते तेव्हा आणि दुसऱ्याची आपल्याकडे येते तेव्हा. मोफत सॉफ्टवेअर घेतले आणि दर आठवड्याला दोन तास विस्कटलेली मांडणी सरळ करण्यात गेले, तर ते महागच पडले म्हणायचे. म्हणून आपल्याजवळ कोणत्या फाइली आहेत, त्या कोणाकोणाकडे जातात आणि तेथून परत येतात का, हे आधी पाहावे. सॉफ्टवेअरचे नाव त्यातून आपोआप पुढे येते.

फाइली विस्कटतात तरी का, हे समजून घेतले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. ऑफिस २००७ पासून मायक्रोसॉफ्टच्या फाइली डीओसीएक्स (वर्ड), एक्सएलएसएक्स (एक्सेल) आणि पीपीटीएक्स (पॉवरपॉइंट) या स्वरूपांत साठवल्या जातात. ही फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेले, गाठोडे असते. तिच्या एका प्रतीचे शेवटचे नाव बदलून झिप केले आणि ती उघडली, तर आत एक्सएमएल मजकुराच्या अनेक लहान फाइली आणि चित्रांचा एक कप्पा दिसतो. या स्वरूपाला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. त्याच्या आधी, २००६ मध्येच, ओपन डॉक्युमेंट हे दुसरे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झाले होते. ओडीटी (मजकूर), ओडीएस (हिशेब) आणि ओडीपी (सादरीकरण) या फाइली त्यातल्या. लिब्रेऑफिस आतून ओपन डॉक्युमेंटच्या पद्धतीने विचार करते, तर ओन्लीऑफिस आतून मायक्रोसॉफ्टच्याच स्वरूपावर काम करते. एका पद्धतीतील फाइल दुसऱ्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरने उघडणे म्हणजे दर वेळी एक भाषांतर असते. साधी वाक्ये अचूक उतरतात. वाक्प्रचार मात्र अडतात. परिच्छेद, ठळक अक्षरे, साधे तक्ते, पानांचे क्रमांक ही साधी वाक्ये झाली. एकात एक बसवलेले तक्ते, मजकुराभोवती तरंगणाऱ्या चौकटी, वर्डमधील स्मार्टआर्टच्या तयार आकृत्या, भरण्याच्या जागा असलेले अर्ज हे वाक्प्रचार होत.

तक्रारींपैकी मोठा भाग मात्र या भाषांतरामुळे होतच नाही. तो फाँटमुळे होतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. फाइलमध्ये बहुधा फाँटचे केवळ नाव असते, फाँट स्वतः नसतो. तो फाँट आपल्या संगणकावर नसला की त्याच्या जागी दुसरा येतो, अक्षरांची रुंदी किंचित बदलते, एका ओळीत मावणारा शब्द खालच्या ओळीत जातो आणि पन्नास पानांनंतर हा फरक दोन-तीन पानांचा होतो. वर्डमध्ये २००७ पासून कॅलिब्री हा मूळ, म्हणजे न निवडता आपोआप येणारा, फाँट होता. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असल्यामुळे इतरांना वाटता येत नाही. म्हणून तंतोतंत त्याच रुंदीची अक्षरे असलेला कार्लिटो नावाचा मुक्त फाँट तयार झाला आणि तो लिब्रेऑफिससोबत मिळतो. कँब्रियासाठी कॅलेडिया आहे. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्यासाठी लिबरेशन या नावाचे तीन फाँट आहेत. हे बदली फाँट जागेवर असतील तर ओळी जेथे तुटायच्या तेथेच तुटतात. अडचण अशी की २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने मूळ फाँट म्हणून ॲप्टॉस आणला आणि त्याच्या रुंदीचा बदली फाँट लिब्रेऑफिससोबत येत नाही. ज्यांच्याशी आपली नियमित देवाणघेवाण आहे त्यांना फाइल एरियल किंवा टाइम्स न्यू रोमनमध्ये करण्याची विनंती करावी, अथवा वर्डमधील फाँट फाइलमध्येच समाविष्ट करण्याचा पर्याय सुरू करायला सांगावे. एवढ्या एका विनंतीने जितकी डोकेदुखी कमी होते, तितकी कोणताही महागडा संच विकत घेऊन होत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत असलो तरी शिकलो ते फजिती होऊनच. एका संस्थेचा चौसष्ट पानांचा वार्षिक अहवाल मी मोफत संचात उघडला, दोन आकडे दुरुस्त केले आणि परत पाठवला. माझ्याकडे तो सदुसष्ट पानांचा झाला होता आणि अनुक्रमणिका जुन्याच पानक्रमांकांची राहिली होती. छापखान्यातून प्रती आल्यावर ते एका सभासदाच्या लक्षात आले. सॉफ्टवेअरने काही लपवले नव्हते. मीच अनुक्रमणिका अद्ययावत केली नव्हती आणि पानांची संख्या मोजली नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, ज्या फाइलचे दिसणे महत्त्वाचे आहे ती अंतिम स्वरूपात पीडीएफ म्हणूनच पाठवायची, आणि ज्या फाइलमध्ये दोघांनी लिहायचे आहे तिच्या दिसण्याचा आग्रह शेवटच्या टप्प्यापर्यंत धरायचा नाही.

हिशेबाच्या फाइलींचे दुखणे वेगळे असते. मजकुराची फाइल बिघडली तर डोळ्यांना दिसते, पण स्प्रेडशीटमधील बिघाड दिसत नाही. साध्या सूत्रांबाबत मला चिंता वाटत नाही: बेरीज, सरासरी, अटींची सूत्रे, व्हीलूकअप, पिव्होट तक्ते हे सर्व लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये नीट चालते. एक्सेलप्रमाणेच तेथेही १०,४८,५७६ ओळी मिळतात आणि २०२२ मधील ७.४ या आवृत्तीपासून स्तंभही १६,३८४ झाले आहेत. एक्सेलमध्ये अलीकडच्या काळात आलेली एक्सलूकअप, फिल्टर, सॉर्ट, युनीक, लेट ही सूत्रे कॅल्कमध्ये २४.८ या आवृत्तीत, म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली. त्यापूर्वीची आवृत्ती वापरत असाल आणि समोरचा माणूस ही सूत्रे वापरत असेल, तर तक्त्यातील घरात (सेलमध्ये) चुकीचा आकडा येण्याची किंवा त्रुटी दिसण्याची शक्यता राहते.

येथे एक बारकावा आहे आणि तो फार थोड्या जणांना माहीत असतो. एक्सेलची फाइल साठवताना सूत्राबरोबर त्याचे शेवटचे उत्तरही फाइलमध्ये लिहिले जाते. कॅल्क अशी फाइल उघडताना सहसा ते साठवलेले उत्तरच दाखवते, स्वतः नव्याने गणित करत नाही. त्यामुळे फाइल उघडली, सगळे आकडे जुळले आणि आपण निश्चिंत झालो, तरी परीक्षा झालेलीच नसते. परीक्षा घ्यायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ ही तीन बटणे एकत्र दाबून संपूर्ण फाइलचे गणित सक्तीने पुन्हा करवून घ्यावे आणि मग महत्त्वाच्या बेरजा आधी टिपून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

खरी भिंत लागते ती मॅक्रोंपाशी, म्हणजे कामे आपोआप करून घेण्यासाठी फाइलमध्ये घातलेल्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. एक्सेलमधील मॅक्रो व्हीबीए या भाषेत लिहिलेले असतात. लिब्रेऑफिस त्यांतील काही चालवते, पण सर्व नाही. ओन्लीऑफिसमध्ये मॅक्रो जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषेत लिहावे लागतात, म्हणजे जुने व्हीबीए तेथे निरुपयोगी. पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्होट या एक्सेलमधील माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करण्याच्या सोयींवर उभी केलेली फाइल असेल तर मोफत संचाचा विचार त्या फाइलपुरता सोडून द्यावा. संस्थेच्या हिशेबाची फाइल कोणीतरी पूर्वी मॅक्रो घालून तयार करून दिली असण्याची शक्यता असते; बटण दाबल्यावर पावती तयार होते अशी सोय दिसली की समजावे, आत मॅक्रो आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी एक्सएलएसएम असेल तर शंका घेण्याचे कारणच उरत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. एक्सेल १९०० हे वर्ष लीप वर्ष मानते, जे ते नव्हते. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. कॅल्कने तारखा मोजण्याचा आरंभ ३० डिसेंबर १८९९ पासून धरला, जेणेकरून १ मार्च १९०० पासून पुढच्या सर्व तारखा एक्सेलशी जुळतील. आपल्या हिशेबात त्याआधीची तारीख येण्याचा संभव नाही, म्हणून याची काळजी करू नये. पण सुसंगतता म्हणजे कधीकधी दुसऱ्याची चूकही सांभाळून घेणे असते, हे यावरून ध्यानात यावे.

आता परीक्षा कशी घ्यावी ते सांगतो. आपल्या संगणकावरील सर्वांत अवघड अशा आठ-दहा फाइली निवडाव्यात. सोप्या निवडल्या तर सगळेच उमेदवार उत्तीर्ण होतात. सर्वांत लांब अहवाल, सर्वांत गुंतागुंतीची हिशेबाची फाइल, दुसऱ्याने सुधारणा आणि शेरे टाकून परत पाठवलेला एखादा मसुदा, छायाचित्रे आणि हालचाली असलेले एक सादरीकरण, एखादा भरावयाचा अर्ज आणि पत्त्यांच्या यादीवरून अनेक पत्रे काढण्याची फाइल, असा संच पुरेसा आहे. मूळ फाइलींना हात न लावता त्यांच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक फाइल नव्या संचात उघडावी, एक छोटा बदल करावा, त्याच स्वरूपात साठवावी आणि मग ती मायक्रोसॉफ्ट ऑफिस असलेल्या एखाद्या मित्राच्या संगणकावर उघडून पाहावी. हा परतीचा प्रवास महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण फाइल आपल्याकडे नीट उघडली की थांबतात आणि ती समोरच्याकडे कशी पोहोचली हे कधी पाहतच नाहीत. असा मित्र हाताशी नसेल तर मायक्रोसॉफ्टची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती या तपासणीपुरती कामास येते.

उमेदवारांबद्दल माझे अनुभव सारखे नाहीत, म्हणून सर्वांना सारखी जागा देत नाही.

लिब्रेऑफिसचा वंश जुना आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले, २००० मध्ये त्याचा मूळ कोड सर्वांना खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस जन्मले. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर अनेक विकासक बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापून लिब्रेऑफिस सुरू केले. हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. ओपनऑफिस हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे आणि अपाची ओपनऑफिस म्हणून ते आजही उतरवून घेता येते. परंतु २०१४ मध्ये ४.१ ही आवृत्ती आल्यापासून त्यात किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसे काही घडलेले नाही आणि ते डीओसीएक्स फाइल उघडत असले तरी त्या स्वरूपात साठवत नाही. आपल्या कामासाठी एवढे एकच कारण ते बाजूला ठेवायला पुरेसे आहे. कोणी आपुलकीने ओपनऑफिस सुचवले, तर त्याच्या मनात बहुधा लिब्रेऑफिसच असते.

लिब्रेऑफिसमध्ये मजकुरासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस, आकृत्यांसाठी ड्रॉ, विदागारासाठी बेस आणि गणिती सूत्रांसाठी मॅथ असे सहा भाग आहेत. रायटर मला मोठ्या दस्तऐवजांसाठी विशेष आवडते, कारण शैली नेमून काम करण्याची त्याची पद्धत शिस्तीची आहे. एकदा शीर्षकांच्या शैली ठरवल्या की शंभर पानांचा अहवालही हाताबाहेर जात नाही. इम्प्रेस मात्र मला दुबळे वाटते, आणि बेसच्या भरवशावर संस्थेची सभासद-नोंद उभी करू नये असे मी सांगेन. पहिल्यांदा उघडल्यावर त्याचे रूप जुनाट वाटते आणि अनेक जण तेथेच निराश होतात. व्ह्यू या मेन्यूत युजर इंटरफेस म्हणून एक पर्याय आहे. त्यात टॅब्ड निवडले की वर्डमधल्या रिबनसारखी मांडणी मिळते. ही सोय २०१९ मधील ६.२ या आवृत्तीपासून अधिकृतपणे आहे, तरी ती सापडावी लागते हे खरे.

ओन्लीऑफिसची डेस्कटॉप आवृत्तीही मोफत आणि मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच स्वरूपावर बांधलेले असल्यामुळे इतरांकडून आलेली डीओसीएक्स फाइल त्यात बहुधा अधिक मूळ रूपात दिसते आणि वर्डची सवय असलेल्या माणसाला त्यात परके वाटत नाही. सोयी मात्र लिब्रेऑफिसपेक्षा कमी आहेत आणि ओडीटी फाइल त्यात उघडली की ती आधी रूपांतरित केली जाते. म्हणूनच मी दोन्ही ठेवायला सांगतो: स्वतःचे काम लिब्रेऑफिसमध्ये, आणि दुसऱ्याची मांडणीप्रधान फाइल आली की ती ओन्लीऑफिसमध्ये. दोन संच शेजारी राहिल्याने काहीही बिघडत नाही. फक्त एकच फाइल एकाच वेळी दोन्हींत उघडी ठेवू नये.

जर्मनीतीलच सॉफ्टमेकर या कंपनीचे फ्रीऑफिस हा तिसरा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. जुन्या, मंद संगणकावर ते चपळ चालते आणि डीओसीएक्स फाइली साठवते. त्याचा मुक्तस्रोताशी संबंध नाही, पण ते मोफत आहे आणि त्याची अधिक सोयींची सशुल्क आवृत्तीही आहे. डब्ल्यूपीएस ऑफिस दिसायला मायक्रोसॉफ्टच्या सर्वांत जवळचे आहे. त्याच्या मोफत आवृत्तीत जाहिराती दिसतात आणि काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात. जाहिरात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थेचे हिशेब ठेवणे मला रुचत नाही. हा माझा स्वभावही असेल. आपला संगणक मॅक असेल तर पेजेस, नंबर्स आणि कीनोट आपल्याकडे मोफत आहेतच, आणि सादरीकरणाच्या बाबतीत कीनोट इतर सर्व मोफत पर्यायांपेक्षा सरस आहे.

ब्राउझरमध्ये चालणारे पर्याय अनेकांना पुरेसे ठरतात. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये एकाच फाइलवर एकाच वेळी अनेकांनी काम करणे जितके सहज होते, तितके डेस्कटॉपवरील मोफत संचात होत नाही. संस्थेचे तीन-चार जण मिळून एखादा मसुदा लिहीत असतील तर मी डोळे झाकून तेच सुचवीन. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती ई-मेल आणि छायाचित्रांसह एकत्र मोजली जाते. मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यात ५ जीबी मिळते आणि तेथील ब्राउझरमधील एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. इंटरनेटची जोडणी तुटली की काम अडते किंवा निदान मंदावते, आणि सभासदांची वैयक्तिक माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायची की नाही, हा निर्णय संस्थेने जाणीवपूर्वक घ्यायला हवा. एका व्यक्तीने सोय म्हणून तो घेऊन टाकू नये.

मराठी मजकुराबाबत स्वतंत्रपणे सांगतो, कारण तुलनेच्या लेखांमध्ये हा मुद्दा येत नाही. लिब्रेऑफिसमध्ये रोमन लिपीसाठी एक फाँट आणि देवनागरीसारख्या लिपींसाठी दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था असते. ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून तेथे मराठी निवडावी आणि मूळ शैलीत देवनागरीसाठी निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा फाँट नेमावा. हे केले नाही तर आपण फाँटचा आकार बदलतो आणि केवळ रोमन अक्षरे लहान-मोठी होतात, मराठी अक्षरे जागची हलत नाहीत. मग माणूस सॉफ्टवेअरला दोष देऊन मोकळा होतो. जोडाक्षरे २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर एकाच पद्धतीने, हार्फबझ या इंजिनाद्वारे जुळवली जातात, त्यामुळे पूर्वीसारखी रफाराची आणि वेलांटीची ओढाताण आता सहसा दिसत नाही. युनिकोड ही सर्व लिपींची सामायिक संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइली असतील तर त्या कोणत्याही संचात तो फाँट असल्याशिवाय वाचता येणार नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात, आणि रूपांतर झाल्यावर र्‍य, ऱ्ह, ॲ, ऑ ही अक्षरे हटकून तपासावीत.

परीक्षेत अवघड फाइली नापास झाल्या, मॅक्रो अनिवार्य निघाले, तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच घ्यावे. त्यात कमीपणा नाही. वर्गणी नको असेल तर एकदाच पैसे भरून मिळणारी ऑफिस २०२४ ही आवृत्ती आहे. तिच्यात नव्या सोयींची भर पडत नाही आणि ती एका संगणकापुरती असते, पण आपल्या वापराला ती पुष्कळ वर्षे पुरेल. जुने ऑफिस २०१६ किंवा २०१९ कोणी देऊ केले तर घेऊ नये, कारण त्या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतर मिळत नाहीत. इतरांकडून आलेल्या फाइली सतत उघडणाऱ्या माणसासाठी हा धोका लहान नाही. अगदी क्षुल्लक किमतीला मिळणाऱ्या सुट्या परवाना-चाव्यांबद्दलही सावध राहावे. त्या पुष्कळदा मोठ्या संस्थांना घाऊक दिलेल्या परवान्यांमधून बाहेर आलेल्या असतात, आज चालतात आणि एक दिवस बंद होतात, आणि तेव्हा तक्रार करायला कोणी उरत नाही. माझ्या ओळखीतील एका गृहस्थांनी दोन वर्षांत अशा तीन चाव्या घेतल्या. हिशेब केला तर त्रासच अधिक झाला होता.

लिब्रेऑफिस उतरवताना ते डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. तेथे ते मोफत आहे आणि देणगीचे पान दिसले तरी देणगी ऐच्छिक आहे. ॲप स्टोअरमधून तेच सॉफ्टवेअर पैसे देऊन मिळते हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात. दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये नवी आवृत्ती येते आणि २०२४ पासून तिचा क्रमांक वर्ष व महिन्यावरून ठरतो. अगदी नवी आवृत्ती पहिल्याच दिवशी बसवू नये, तिच्या दोन-तीन दुरुस्त्या होऊ द्याव्यात. संगणकावर विंडोज ७ किंवा ८ असेल तर २५.८ पासूनच्या आवृत्त्या तेथे चालत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

मोठ्या प्रमाणावर हे स्थलांतर करणाऱ्यांचे अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीस दलाने २००५ मध्ये विंडोज तसेच ठेवून आधी केवळ ऑफिस संच बदलला, आणि कार्यप्रणाली बदलायला त्यानंतर काही वर्षांनी हात घातला. म्युनिक शहराच्या प्रशासनाने मुक्तस्रोताकडे जाताना आपले साचे आणि अर्ज सांभाळण्यासाठी वोलमक्स नावाचे स्वतंत्र साधन लिहून घेतले. तरीही २०१७ मध्ये तेथील नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामागे राजकारणही होते. आपल्यासारख्या एका संगणकाच्या वापरकर्त्याने यातून घेण्यासारखे एवढेच की, नवा संच बसवला त्याच आठवड्यात संगणक, ई-मेल आणि फाइलींची मांडणी असे सगळे एकदम बदलू नये.

कोणत्या स्वरूपात साठवावे, हा शेवटचा निर्णय उरतो. ज्या फाइली आपल्याजवळच राहतात, म्हणजे घरचा हिशेब, टिपणे, पत्रांच्या प्रती, त्या ओडीएस आणि ओडीटीमध्ये ठेवाव्यात. भाषांतर होतच नाही, म्हणून नुकसानही होत नाही. ज्या फाइली ये-जा करतात त्या सुरुवातीपासूनच डीओसीएक्स किंवा एक्सएलएसएक्समध्ये ठेवाव्यात आणि प्रत्येक फेरीत स्वरूप बदलू नये, कारण एका फाइलचे वारंवार रूपांतर करणे हे छायाप्रतीची छायाप्रत काढण्यासारखे आहे. जी फाइल फक्त वाचायला द्यायची ती पीडीएफ करावी. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ करताना हायब्रिड असा एक पर्याय आहे, तो निवडला की मूळ ओडीटी फाइल त्या पीडीएफच्या पोटात राहते आणि पुढच्या वर्षी तीच पीडीएफ उघडून दुरुस्ती करता येते. संस्थेच्या वार्षिक पत्रांसाठी मी हाच मार्ग वापरतो.

मुदत संपलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस लगेच काढून टाकू नये. ते फाइली उघडून दाखवते आणि छापूही देते, म्हणजे नव्या संचात एखादी फाइल विचित्र दिसली तर मूळ रूप कसे होते हे ताडून पाहायला तेच उपयोगी पडते. दोन-तीन महिने कामाचा एक पूर्ण फेरा, म्हणजे हिशेबाचा एखादा तिमाही ताळेबंद आणि एक मोठा अहवाल, नव्या संचात निभावला की मग ते काढावे आणि वर्ड व एक्सेलच्या फाइलींवर दोनदा क्लिक केल्यावर कोणते सॉफ्टवेअर उघडावे, हे विंडोजच्या सेटिंगमध्ये एकदा नेमून द्यावे.